फोडाफोडीआधी घासाघाशी

"ताई, घर आमचं स्वतःचं, २८ वर्षांचं. भिंती धडधाकट आहेत, छत गळत नाही, पण बाहेरून आत आलं की मन खट्टू होतं. न्हाणीघरातले नळ पांढरे पडलेत, टाइलांच्या कडा काळ्या झाल्यात, बटणांचे बोर्ड पिवळट. दारांच्या कड्या-मुठींवर रंगाचे इतके थर बसलेत की त्या कशाच्या आहेत तेही कळत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटांची निम्मी हँडलं तुटलीत. आमचे हे म्हणतात, थांब, पैसे जमले की एकदाच सगळं फोडून नवं करू. सासूबाई म्हणतात, चालतंय ना, मग कशाला हात लावता? मी बाजूला टाकलेली छोटीशी रक्कम आहे. तिच्यात एखादा भारीतला नळ येईल, नाहीतर सगळ्या घराला थोडंथोडं पुरेल. काय करू? टाइलांना रंग देतात म्हणे, तो देऊन टाकू का?"

तुम्ही तिघंही आपापल्या जागी बरोबर आहात असं लिहून मी मोकळी झाले असते. पण मला तसं वाटत नाही. या खेपेला पारडं सासूबाईंकडे झुकतंय, फक्त ते 'हात लावू नका' सोडून. हात लावायचाच आहे, पण पहिल्यांदा पाकीट न उघडता.

रक्कम आहे तिथेच राहू द्या. सुटीची एक सकाळ काढा. एक ओलं फडकं, विजेरी, पेचकस आणि फ्रिजच्या दारावर चिकटवतात तसलं एक लोहचुंबक घ्या आणि घरभर फिरा. प्रत्येक गोष्टीपाशी थांबून एकच विचारायचं: ही मळलीय, बिघडलीय, की खरोखरच संपलीय? मळलेल्याला पैसे लागत नाहीत, बिघडलेल्याला किरकोळ लागतात, आणि संपलेलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमीच निघतं. हे कळायच्या आधी दुकानात गेलं की माणूस नेमकी चालती वस्तू बदलून येतो आणि गळकी तशीच राहते.

नळांपासून सुरुवात करा. नळावरचा पांढरा थर म्हणजे मळ नव्हे, तो दगड आहे. जड पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, थेंब वाळेल तसा तिथेच साचत गेलेला. म्हणून तो साबणाला दाद देत नाही, आणि तारेच्या घासणीने घासलं तर थराच्या आधी नळाची चकाकी निघते. त्याला आम्लच लागतं, पण सौम्य. साधं व्हिनेगर चालतं, किंवा कोमट पाण्यात चमचा-दोन चमचे लिंबूसत्त्व. जुन्या सुती कापडाची पट्टी त्यात भिजवून नळाला गुंडाळा, पायाशी जिथे थर सगळ्यांत जाड असतो तिथे दोन वेढे जास्त द्या आणि अर्धा तास सोडून द्या. कान जवळ नेलात तर बारीक चुरचुर ऐकू येते, तो चुना विरघळताना सुटणारा वायू. मग जुन्या टूथब्रशाने सांध्यांतून फिरवा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे शेवटचं पुसणं विसरू नका. ओला सोडलेला नळ वाळता वाळता पुन्हा पांढरा पडायला लागतो.

नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती फिरवून निघते. हाताने निघत नसेल तर पकडीच्या दातांखाली कापड धरा, नाहीतर कड ओरबाडली जाते. त्या जाळीत अडकलेले खडे पाहिलेत की धार तिरकी का पडत होती ते कळेल. जाळी त्याच द्रावणात रात्रभर बुडवून ठेवा. शॉवरच्या तोंडालाही हाच इलाज.

तीन गोष्टींपासून मात्र लांब राहा. संडासाचं भांडं धुवायचं जहाल अ‍ॅसिड नळाला लावू नका. ते चुन्याबरोबर क्रोमचा मुलामाही खातं. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व संगमरवरावर आणि मोझॅकच्या फरशीवर सांडू देऊ नका, कारण संगमरवर म्हणजे तोच कॅल्शियम कार्बोनेट. नळ लखलखीत करण्याच्या नादात मी एकदा भिजलेली पट्टी संगमरवरी कट्ट्यावर टाकून फोन घ्यायला गेले होते. नळ छान निघाला. कट्ट्यावर मात्र पट्टीच्या आकाराचा एक निस्तेज डाग आजही आहे, त्यावर मी साबणाची डबी ठेवते. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका. एकाने घासून लगेच दुसरं ओतायचंही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

थर निघाल्यावर खाली क्रोम शाबूत असेल तर तुमचा 'भारीतला नळ' तुम्हाला मिळाला. पापुद्रे सुटून खालचा पिवळा धातू दिसत असेल तर तो नळ दिसायला संपला, घासून परत येणार नाही. टपकत असेल तर पाण्याची मुख्य चावी बंद करून उघडा, नाहीतर प्लंबरकडून उघडून घ्या. बरेच फेरे घेऊन बंद होणाऱ्या जुन्या नळात रबरी वायसर असतो, तो झिजला की टपटप सुरू होते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं, ते सबंध बदलावं लागतं, आणि नवं आणताना जुनं सोबत न्यावं, कारण मापं एकसारखी नसतात. दोन्ही खर्च नव्या नळापुढे क्षुल्लक. टपटप आधी थांबवा, कारण गळत्या नळावर कितीही घासलं तरी थोड्याच दिवसांत पांढरा ओघळ हजर.

आणि तो एकच नवा नळ घेण्याचा विचार असेल, तर सोडा. न्हाणीघरात चार जुन्या वस्तूंच्या मध्ये एक झगमगती बसवली की ती चार अधिकच म्हातारी दिसतात. मग शॉवर खटकतो, मग आरसा खटकतो, आणि फोडाफोडी सुरू होते. तुमच्या ह्यांना हेच हवंय, नाही का?

आता चुंबक. दारांच्या कड्या, मुठी, बिजागऱ्या यांच्यावरून ते फिरवा. खटकन चिकटलं तर आत लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटलं तर पितळ असण्याची शक्यता आहे, पण हुरळून जाऊ नका, अ‍ॅल्युमिनियमला आणि जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. एक मूठ सोडवून तिच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, पेचकसाच्या टोकाने बारीक ओरखडा काढा. ओरखडा आतपर्यंत पिवळा दिसला तर पितळ. राखाडी-रुपेरी दिसला तर वरचा रंग किंवा मुलामा सोडून काही नाही. हातात घेतल्यावरही कळतं, पितळाची मूठ तिच्या आकाराच्या मानाने जड लागते. २८ वर्षांत कुणीतरी दारांना रंग देताना मुठी काढायचा कंटाळा केला आणि त्याही रंगवून टाकल्या, असं फार घरांत झालेलं असतं. सासूबाईंना विचारा. माझा अंदाज आहे, मूळची मूठ कशी होती ते त्यांना आठवत असेल.

पितळ निघालं तर एक जुनं पातेलं काढा, जे परत स्वयंपाकात जाणार नाही. त्यात पाणी, दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा, आणि कड्या-मुठी स्क्रूंसकट. मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, अर्धा-पाऊण तास. रंगाला सुरकुत्या पडतात आणि सायीसारखा तो सुटायला लागतो. लाकडी चमच्याने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ढकला, राहिलेला टूथब्रशाने. अ‍ॅल्युमिनियमची वस्तू मात्र यात चुकूनही टाकू नका, सोडा तिला खातो आणि काळी करतो. शिवाय, जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. म्हणून कोरडा रंग पॉलिश पेपरने घासून धूळ उडवायची नाही. जे काही करायचं ते ओलं, हातमोजे घालून, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना लांब ठेवून. निघालेले पापुद्रे कागदात गुंडाळून टाका, मोरीत ओतू नका.

निघालेलं पितळ काळपट असेल. पॉलिशने घासा, पण आरशासारखं करू नका. उंचवटे चमकते आणि खाचा जरा सावळ्या राहिल्या तर नक्षी उठून दिसते, आणि सारखं घासत बसावंही लागत नाही. वर मेणाचा पातळ हात दिला की पुरे. मूठ परत बसवताना स्क्रू भोकात गरगर फिरत असेल तर काडेपेटीच्या एक-दोन काड्या, गुल काढलेल्या, गोंदात बुडवून भोकात ठोका, गोंद वाळू द्या, मग स्क्रू आवळा. सैल बिजागरीमुळे घासणारं दारही बहुतेकदा एवढ्याने सरळ होतं, सुतार बोलवावा लागत नाही.

स्वयंपाकघरातल्या हँडलांवर मात्र खुशाल खर्च करा. दिवसातून पन्नास वेळा हात पडतो ती जागा नवी असली की घर नवं वाटतं. नजर जिथे पोचते त्यापेक्षा हात जिथे पोचतो तिथे पैसा टाका, असं माझं सरळ मत आहे. फक्त दुकानात जायच्या आधी माप घ्या. हँडलाची लांबी कामाची नाही, दोन स्क्रूंच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर लागतं, तेही मिलिमीटरमध्ये. पुष्कळ हँडलं ३२च्या पटीत असतात, ९६ किंवा १२८ ही मापं सर्रास. तुमची भोकं ९६वर असतील आणि तुम्ही १२८चं देखणं हँडल घेऊन आलात तर प्रत्येक दाराला नवं भोक, आणि जुनं बुजवायला लांबी (पुट्टी) भरा, रंग जुळवा, ही सगळी वेठ. अंतर जुळत नसेलच तर मागे पट्टी असलेलं हँडल मिळतं, ती जुनं भोक झाकते. स्क्रूची लांबीही दाराच्या जाडीशी ताडून बघा. निम्मी हँडलं तुटलीत म्हणता, तर निम्मीच आणू नका. जुळणारी मिळणार नाहीत आणि कपाट ठिगळ लावल्यासारखं दिसेल. सगळी एकदम बदला, आणि धड निघालेल्या जुन्या हँडलांतून वरच्या माळ्याच्या किंवा आतल्या खोलीतल्या कपाटाची सोय करा. त्याआधी दारांवरचा तेलकट चिकटा कोमट साबणपाण्याने काढा. कदाचित सनमायकाचा खरा रंग तुम्ही कित्येक वर्षांत पाहिलेलाच नसेल.

बटणांच्या बोर्डांचा पिवळेपणा दोन तऱ्हेचा असतो. मेन स्विच बंद करून, फडकं साबणपाण्यात बुडवून घट्ट पिळून, पुसा. पाणी आत जाता कामा नये. पुसून निघाला तर तो हातांचा मळ होता. नाही निघाला तर प्लास्टिकच पिवळं झालंय, ऊन आणि उष्णता यांनी ते आतून बदललेलं असतं, आणि ते घासून पांढरं होत नाही. बोर्डाला रंग देऊ नका, बटणं चिकटतात आणि कडा सोलतात. वरच्या पट्ट्या आणि बटणं बदला. भिंतीतली मागची पेटी तीच राहत असेल तर काम थोडक्यात होतं. पेटीच बदलायची ठरली की भिंत फुटते, मग लिंपण, मग रंग, आणि एका खोलीचा रंग दुसरीला लाजवतो. म्हणून वायरमनला आधी पेटीचं माप घ्यायला सांगा, मग पट्ट्या निवडा. सगळ्या एकदम नको असतील तर बाहेरच्या दाराजवळची आणि बसायच्या खोलीतली आधी करा, पलंगामागची कोण बघतंय!

या फेरीत कुठल्या प्लगपाशी तपकिरी किंवा काळपट डाग दिसला, बटण दाबताना आत चरचर झाली, किंवा बोर्ड हाताला गरम लागला, तर तो दिसण्याचा विषय राहत नाही. आत तार सैल झालेली असते आणि आग अशाच ठिकाणी लागते. तुमच्या रकमेतला पहिला पैसा तिथे. बाकी सगळं त्याच्यानंतर.

दिवे. खरं सांगायचं तर, पत्रात तुम्ही दिव्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत आणि मला शंका आहे ती तिथेच. खोलीच्या मधोमध एक निळसर पांढरी ट्यूब आणि कोपऱ्यांत अंधार असला की नवं घरही दवाखान्यासारखं दिसतं. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर, ४०००च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत पहिला, स्वयंपाकघरात मधला, असं करून बघा. एका खोलीत दोन जातीचा उजेड नको. वॉटवरून उजेड मोजायची सवयही सोडा, ल्युमेन बघा. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन द्यायचा, तेवढाच उजेड आता ९ वॉटच्या आतला एलईडी देतो. सी. आर. आय. म्हणून आणखी एक आकडा असतो, तो १००च्या जितका जवळ तितके रंग खरे दिसतात. ८० ठीक. आरशापाशी आणि चुलीपाशी ९०च्या वरचा मिळाला तर घ्या, चेहरा आणि भाजी दोन्ही ताजे दिसतात. दिव्याच्या जुन्या काचा फेकू नका. उतरवून साबणपाण्यात बुडवा. तळाशी मेलेल्या किड्यांचा जो थर निघेल, तेवढा तुमचा उजेड इतके दिवस अडला होता.

पंख्याचं थोडक्यात. पाती पुसा, मंद फिरत असेल तर वायरमनला कंडेन्सर बघायला सांगा, बहुतेकदा तोच दमलेला असतो. पाती काढायचीच झाली तर खडूने खुणा करून ज्या जागची त्याच जागी लावा. त्यांचं वजन आपसांत जुळवलेलं असतं, अदलाबदल झाली की पंखा डुलतो. याच कारणाने पात्यांना घरच्या घरी रंग द्यायच्या फंदात पडू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, टाइलांचा रंग. नको. दोन भाग मिसळून लावायचे एपॉक्सी रंग मिळतात, आणि पाणी न लागणाऱ्या भिंतीवर, नीट खरवडून, तेल काढून, पुरेसं वाळू देऊन लावले तर टिकतातही. पण जिथे रोज पाणी आपटतं, वाफ धरते, साबण लागतो, तिथे एक कोपरा उचलला की त्याच्यामागून पाणी शिरतं आणि मग पापुद्रे निघत राहतात. तुमची टाइल आज जुनी दिसते. रंग सोललेली टाइल गलिच्छ दिसेल, आणि ती परत मूळपदावर आणणं नवी बसवण्याइतकं जिकिरीचं. हा अनुभव मी टाइलवर नाही, नळावर घेतलाय. फवाऱ्याचा काळा रंग मारून वॉशबेसिनचा नळ मी मोठ्या हौसेने 'नवा' केला होता. तीन महिन्यांत जिथे बोटं पडायची तिथे तो चट्ट्याचट्ट्यांनी उघडा पडला. फवाऱ्याचा रंग पडद्याच्या दांडीला, दिव्याच्या टोपीला, आरशाच्या चौकटीला द्या: आधी तेल काढायचं, पॉलिश पेपरने हलकं घासायचं, प्रायमर, मग एका जाड हाताऐवजी तीन पातळ. हाताला वाळला वाटला तरी पुरता कडक व्हायला काही दिवस लागतात.

टाइलांच्या काळ्या कडांवर उपाय वेगळा आहे. टाइल आणि वॉशबेसिन जिथे भेटतात तिथली काळी पडलेली मऊ पट्टी सिलिकॉनची असते आणि बुरशी तिच्या आतपर्यंत गेलेली असते. ती वरून घासून उजळत नाही. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, वरून थापणारे कारागीर हीच चूक करतात. पात्याने सबंध पट्टी कापून काढा, फट साफ करा आणि एक दिवस पूर्ण कोरडी होऊ द्या. हा दिवस वाचवायला जाऊ नका. दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावा, मधे सिलिकॉनची एक सलग रेघ ओढा, साबणपाण्यात बुडवलेलं बोट एकाच दमात तिच्यावरून फिरवा आणि लगेच, रेघ ओली असतानाच, चिकटपट्ट्या सोडवा. २४ तास पाणी नाही. टाइलांच्या मधल्या सिमेंटच्या फटी काळ्या असतील तर आधी ब्रशाने घासून बघा. निघत नसेल तर वरचे दोन-तीन मिलिमीटर खरवडून नवं ग्राउट भरा. कंटाळवाणं काम आहे, गुडघे दुखतात, पण याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

आरशाच्या कडेला काळे डाग असतील तर तो मळ नाही, मागचा चांदीचा लेप दमटपणाने गेलाय. पुसत बसू नका, डाग झाकेल अशी रुंद चौकट बसवा.

यजमानांना सांगा, फोडायचं तेव्हा फोडू. नवी हँडलं आणि दिवे तोपर्यंत कामाला येतील, आणि पितळाच्या मुठी तर नव्या दारांनाही लागतील. काढलेली प्रत्येक जुनी वस्तू स्क्रूंसकट पिशवीत घालून वर खोलीचं नाव लिहून ठेवा. चुंबकाचं काय झालं ते मला कळवा.

ता. क. ट्यूबच्या जागी त्याच पट्टीत एलईडी ट्यूब लावणार असाल तर जुना चोक आणि स्टार्टर यांचं काय करायचं ते खोक्यावरच्या आकृतीत बघून, वायरमनकडूनच करून घ्या. काही एलईडी ट्यूब चोक ठेवून चालतात, काहींना तो काढून थेट जोडणी लागते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच असतात.